देह नवा, नाव जुने



कीर्तनाला उभे राहायचे तर हाताशी अभंग लागतो. लेखाला तेवढे बंधन नाही, एखादा खरा प्रश्न पुरतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी गावोगाव कीर्तन केले. आता पंच्याहत्तरी उलटली, गळा साथ देत नाही, म्हणून वीणा खाली ठेवली आहे. आज अभंग न घेता एक प्रश्न घेतो. प्रश्न एका मिस्त्रीचा आहे आणि तो मोटारीविषयी आहे. ‘बुवांना या वयात मोटारीचे काय?’ असे म्हणून पान उलटू नका. मीही तो दुसऱ्याचा प्रश्न म्हणूनच ऐकायला बसलो होतो.

हा मिस्त्री आमच्या पेठ वडगावचाच. तरुणपणी बारा वर्षे त्याने माझ्यामागे पखवाज वाजवला. पुढे संसार वाढला, रात्रीची जागरणे झेपेनात, तेव्हा त्याने वाठारच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पोच्या बॉड्या, अपघातात चेपलेले पत्रे, हे त्याचे काम. पत्रा ठोकतानासुद्धा त्याची हातोडी लयीत पडते. शेडबाहेर उभे राहून मी ती ऐकली आहे.

दीड वर्षापूर्वी एक गृहस्थ ट्रकवर घालून एक सांगाडा त्याच्याकडे घेऊन आले. विलायतेची डेमलर मोटार, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, कुण्या संस्थानिकाच्या दारातून हातोहात विकत खाली आलेली. मधल्या एका मालकाने तिचा मागचा भाग कापून तिथे लोखंडी हौद बसवला होता आणि त्यातून तीस वर्षे ऊस आणि गुळाच्या ढेपा वाहिल्या होत्या. चासी शिल्लक, इंजिन गंजलेले पण मूळचे, पुढची जाळी आणि दिवे जागेवर. बाकीचा देह गेलेला. जुन्या फोटोवरून हिला होती तशी पुन्हा उभी करा, असे मालकांचे म्हणणे.

मिस्त्रीने फोटो मोठा करून भिंतीला लावला. सुताराकडून सागवानी फासळ्यांची चौकट करून घेतली. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून ठोकून दारांची गोलाई आणली. अकरा महिने गेले. रंग द्यायची वेळ आली तेव्हा मालक आले आणि म्हणाले, ‘एक कागद लिहून द्या. जुनीच बॉडी दुरुस्त केली, नवी केलेली नाही, एवढेच लिहा.’

कागदाला कारण होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. शिवाय गिऱ्हाईक तयार होते. मूळ देहाची गाडी आणि नव्या देहाची गाडी यांच्या मोलात फार अंतर पडते.

एकादशीच्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मिस्त्री माझ्याकडे आला. म्हणाला, ‘बुवा, गाडी तर तीच हाय न्हवं? नंबर त्योच, इंजिन त्येच, फोटोत हाय तशीच दिसतीया. मग लिवून द्यायला काय हरकत हाय?’ थोडे थांबून पुन्हा म्हणाला, ‘पर हात धजंना.’

आम्हा कीर्तनकारांच्या जिभेवर दृष्टान्त तयार असतो. मी लगेच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त काढला. चासी म्हणजे आत्मा, बॉडी म्हणजे देह. देह बदलला तरी आत्मा तोच. तेव्हा गाडी तीच. हेच मी कीर्तनात बोललो असतो तर माना डोलल्या असत्या. मिस्त्रीने मान डोलावली नाही. तो म्हणाला, ‘बुवा, चासीबी दोन जाग्याला कुजली हुती. कापून नवं लोखंड जोडलंय. मग आत्माबी वेल्डिंगचाच म्हनायचा का?’

मी निरुत्तर झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर चूक ध्यानात आली. कठोपनिषदात रथाचे रूपक आहे. तिथे शरीर हाच रथ, इंद्रिये घोडे, बुद्धी सारथी, आणि आत्मा हा रथात बसलेला स्वामी. म्हणजे रथ सगळाच्या सगळा देहाच्या बाजूला पडतो. त्याचा आस, त्याची चाके, त्याची चौकट, यातला कोणताही भाग उचलून हा आत्मा असे म्हणता येत नाही. मोटारीलाही आत्मा नाही. तिच्या चासीला आत्मा ठरवून मी दृष्टान्ताची ओढाताण केली होती. मग ‘ही तीच गाडी’ असे आपण म्हणतो तेव्हा ते तेच-पण राहते कुठे?

मिस्त्रीचा मुलगा इंजिनिअर आहे. त्याने मला या गाड्यांचा इतिहास समजावून दिला, तो थोडक्यात सांगतो. त्या काळी उंची मोटारींचे कारखाने पुष्कळदा फक्त चासी आणि इंजिन विकत. रोल्स-रॉईस दुसऱ्या महायुद्धापर्यंत तसेच करी. बॉडी बांधणारे कारागीर निराळे. बार्कर, हूपर ही त्यांतली नामांकित नावे. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारीच ही घराणी. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्या जर्मन कंपनीची रीतही हीच. इंजिन आणि चासी फ्रीडरिक्सहाफेन गावात होई आणि बॉडी बहुधा रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन या कारखान्यात चढे. म्हणजे या गाड्या जन्मतःच दोन हातांच्या. चार-सहा वर्षांनी जुनी बॉडी उतरवून नवी चढवणे यात तेव्हा कुणाला काही गैर वाटत नसे. धनिकांनी ते उघडपणे केले.

गैर पुढे शिरले. जुन्या गाड्यांना सोन्याचे मोल आले. मग बंद छपराची, धडधाकट, मूळची बॉडी उतरवून तिथे उघड्या छपराची दिमाखदार बॉडी चढवायची, कारण तिला भाव जास्त. उतरवलेली बॉडी भंगारात, किंवा दुसऱ्याच एखाद्या चासीवर. अशाने एका गाडीच्या दोन गाड्या होतात आणि दोघी म्हणतात, खरी मीच.

याच मुलाने मला लंडनच्या न्यायालयातला एक खटला सांगितला. बेंटले कंपनीची एक शर्यतीची गाडी होती. फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते, ती या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पुढे तिचे पुष्कळ भाग बदलले. १९३२ मध्ये तिला भीषण अपघात होऊन चालवणारा मरण पावला. त्यानंतर नवी बॉडी चढवून ती रस्त्यावरची गाडी झाली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा झाला, आणि मग घेणारा अडून बसला, की ही ती गाडी नव्हेच. न्यायमूर्तींनी भागांची छाननी केली. १९३० च्या गाडीतले फार थोडे उरले होते, १९२९ च्या गाडीतले त्याहूनही थोडे. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. हिला मूळची जशीच्या तशी गाडी म्हणता येणार नाही. परंतु हिचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही, तेव्हा त्या नावावर हिचा हक्क खरा आहे, असा त्या निकालाचा भाव.

हे ऐकले आणि मला आपली दिंडी आठवली. हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, त्या वेळी चाललेला एकही माणूस आज हयात नाही. टाळ ते नाहीत, पताका त्या नाहीत, मृदंगाची कातडी कितीदा बदलली असेल. तरी रथामागची दिंडी तीच दिंडी असते. का? कारण प्रत्येकाने आपली जागा पुढच्याला सर्वांसमक्ष दिली. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तेव्हा देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि सगळी दिंडी ते पाहते. वस्तू बदलते, माणूस बदलतो, आणि बदल झाला त्याची साक्ष राहते. त्या साक्षीच्या आधारावर आपण ‘तीच’ हा शब्द उच्चारतो.

याहून मोठे उदाहरण जगन्नाथपुरीचे. तिथे देवाच्या मूर्ती लाकडी आहेत. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होते. अलीकडे १९९६ मध्ये झाले, मग २०१५ मध्ये. लक्षणे जुळणारे कडुनिंब शोधायचे, त्याच्या नव्या मूर्ती घडवायच्या, आणि मध्यरात्री, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या सेवकांनी जुन्या मूर्तीतले ब्रह्मद्रव्य नव्या मूर्तीत ठेवायचे. प्रत्यक्ष देव देह बदलतो! पण विचार करा, यात लपवलेले काय आहे? ते ब्रह्मद्रव्य काय, एवढेच. देह नवा आहे हे कोणी लपवत नाही. तेच पाहायला देशभरातून माणसे लोटतात. आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारात पुरतात, दैतापती सेवक घरचे माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. नव्या देहाचे स्वागत करण्याआधी जुन्या देहाचा शोक. जुने कधी नव्हतेच, असे भासवायचे नाही.

म्हणून माझ्या अल्पमतीला दिसतो तो सिद्धान्त असा. देह बदलण्यात दोष नाही. बदललेला देह जुनाच म्हणून दाखवण्यात दोष आहे. जीर्णोद्धार या शब्दातच जीर्ण झाल्याची कबुली आहे. मिस्त्रीच्या धंद्यात पत्रा जोडल्यावर सांध्यावर लांबी भरतात, ती घासून गुळगुळीत करतात, वर रंग देतात. ऊनपावसापासून पत्रा राखण्यासाठी ते करावेच लागते. सांधा डोळ्यांना दिसला नाही तरी चालेल, तो तोंडाने सांगितला पाहिजे.

इथे पूर्वपक्ष उभा राहील. कोणी म्हणेल, बुवा, मूळ म्हणजे तरी काय? हौद बसवून तीस वर्षे ऊस वाहिला, ती वर्षे गाडीची नव्हेत काय? संस्थानिकाचे दिवस खरे आणि गुळाचे दिवस खोटे, हे कोणी ठरवले? आक्षेप रास्त आहे. २०२४ मध्ये पंढरपूरला मंदिराच्या संवर्धनाचे काम झाले तेव्हा नंतरच्या काळातल्या फरशा आणि रंग काढून जुना दगड मोकळा केला. काय काढायचे, काय ठेवायचे, हे तिथेही ठरवावे लागलेच. जीर्णोद्धार करणाऱ्याला एक काळ निवडावा लागतो. पण निवड केली तर ‘ही माझी निवड’ असे सांगावे. मिस्त्रीने तो हौद भंगारात दिला नाही. शेडच्या मागे ठेवला आहे, शेजाऱ्याच्या म्हशी त्यात पाणी पितात. एका कुटुंबाची तीस वर्षांची भाकर त्या हौदातून आली; त्याला एवढा मान हवाच होता.

दुसरा पूर्वपक्ष अधिक अवघड आहे. कोणी म्हणेल, पाहणाऱ्याला आनंद झाला, घेणाऱ्याला समाधान मिळाले, मग सांधा सांगून रसभंग कशाला? भाव तिथे देव. या प्रश्नाचे उत्तर मी मिस्त्रीला त्या दिवशी देऊ शकलो नाही. देऊ शकलो नाही याचे कारण मला ठाऊक होते, आणि ते आता तुम्हाला सांगतो.

१९७४ मध्ये माझ्या गुरुवर्यांनी आपली वीणा माझ्या गळ्यात घातली. १९८३ च्या वारीत दिवे घाटात पावसाने पाय घसरला, मी पडलो, आणि वीणेचा भोपळा फुटला. परतल्यावर मिरजेला नेऊन नवा भोपळा बसवून घेतला. काही वर्षांनी दांडीला चीर गेली, दांडीही नवी केली. तारा तर बदलतच असतात. शेवटी गुरुवर्यांच्या हातची एक खुंटी तेवढी राहिली. हे सगळे मिरजेच्या कारागिराला ठाऊक आणि मला. कीर्तनाच्या आरंभी मात्र मी म्हणत राहिलो, ‘ही माझ्या गुरुवर्यांची वीणा.’ लोक वीणेला हात लावून तो हात छातीला लावत. त्या मानातला वाटा माझ्याकडे येत होता, हे मला कळत होते.

एकदा एका सप्ताहात गुरुवर्यांच्या कन्या आल्या. वय झालेले, दिसायला कमी. कीर्तन संपल्यावर त्यांनी वीणा मागितली, भोपळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘बाबांचा हात इथंच असायचा.’ मग भोपळ्याला कपाळ लावून बराच वेळ बसल्या. मी गप्प राहिलो. मला वाटले, त्यांचा भाव कशाला मोडा? दोन वर्षांनी त्या गेल्या.

वाचकहो, त्यांचा भाव खराच होता, तो पोहोचायचा तिथे पोहोचला असेल. पण त्या भावाला माझ्या खोट्याची गरज नव्हती. मी बोललो असतो, ‘आक्का, भोपळा नवा आहे, पण ही खुंटी बाबांची,’ तर त्यांनी कपाळ खुंटीला लावले असते. जिथे त्यांच्या बाबांचा हात खरोखर लागला होता तिथे. मी त्यांचे दुःख वाचवले असे स्वतःला सांगत आलो. खरे तर मी माझा मान वाचवला आणि त्यांना त्या खुंटीपासून दूर ठेवले. आज ती खुंटी दाखवायला माणूस उरलेले नाही. दुसऱ्या पूर्वपक्षाला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे.

मिस्त्रीने कागद लिहून दिला नाही. त्याऐवजी त्याने एक वेगळा कागद करून मालकांपुढे ठेवला. चासी कोणती, ती कुठे जोडली, इंजिन मूळचे, बॉडी संपूर्ण नवी, पेठ वडगावात बांधलेली. मालकांनी तो घेतला नाही. शेवटचा हप्ता अडवला आणि रंग न देताच गाडी ट्रकवर घालून नेली. आता ती कुठे आहे, तिच्याविषयी काय सांगितले जाते, आम्हाला ठाऊक नाही. मिस्त्रीचे बरेच पैसे बुडाले. मी त्याची समजूत घालायला गेलो तर तोच हसून म्हणाला, ‘बुवा, डाव्या दाराच्या पत्र्याआड सागवानावर माझं नाव आनि साल डागलंय. कवातरी कोनतरी दार उघडंल.’

त्याचे त्याला समाधान आहे आणि ते मी मोडणार नाही. पण पत्र्याआडची साक्ष पत्रा निघेपर्यंत मुकीच असते. त्याला बाहेर लिहू दिले नाही. मला कोणी अडवलेले नाही, म्हणून मी इथे लिहितो: माझ्याकडे असलेल्या वीणेचा भोपळा १९८३ सालचा, दांडी त्यानंतरची, दोन्ही मिरजेत केलेली. वरच्या बाजूची उजवीकडची खुंटी गुरुवर्यांच्या हातची. येत्या कार्तिकीला ही वीणा मी गावातल्या एका तरुण कीर्तनकाराच्या गळ्यात घालणार आहे. हीच यादी मोठ्या अक्षरात लिहून खोळीत ठेवली आहे. त्याला सांगितले आहे, की आपल्या हातून जे बदलेल ते खाली लिहीत जा. त्याने विचारले, ‘महाराज, मग हिला गुरुवर्यांची वीणा म्हणायचे की नाही?’

मी म्हणालो, यादी वाचून दाखव आणि मग खुशाल म्हण.

रामकृष्ण हरी.